सुटकेची तारीख ठरलेली असते, मग पत्ता का नाही?

तुरुंगात माणूस दाखल झाला की त्याच्या अंगावरच्या वस्तूंची यादी होते. घड्याळ, पाकीट, कमरेचा पट्टा, मोबाइल, एखादी अंगठी. पिशवीवर नंबर पडतो. सुटकेच्या दिवशी तीच पिशवी काढून, यादी वाचून, सही घेऊन त्याच्या हातात दिली जाते. एखादी वस्तू कमी भरली तर कुणाला तरी जाब द्यावा लागतो. पण आत येताना त्याच्याकडे आणखी एक गोष्ट होती, जी कुठल्याच यादीत चढत नाही: राहायची जागा. भाडं थकलं, घरमालकाने खोली दुसऱ्याला दिली, सामान कुठे गेलं ते कुणालाच माहीत नाही. पट्टा परत मिळतो, घर मिळत नाही. आणि ते कुणी परत करायचं, हे कुठेही लिहिलेलं नसतं.

शिक्षा भोगून बाहेर येणाऱ्यांसाठी काही महिने राहता येईल अशा निवासाची व्यवस्था असावी, असं म्हटलं की बोलणं लगेच दयेकडे वळतं. माणुसकी, दुसरी संधी, मोठं मन. मला हे सगळं मान्य आहे, पण मुद्दा त्याच्याही आधीचा आहे. माणसं बेघर होतात ती बहुतेक वेळा अचानक. आग लागते, पूर येतो, नोकरी जाते, घरातली मारहाण असह्य होऊन बाई मुलांना घेऊन रातोरात बाहेर पडते. कुठल्या दिवशी कुणाच्या डोक्यावरचं छप्पर जाईल हे सरकारला आधी कळत नाही. सुटून येणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी आहे. त्याची तारीख कागदावर असते. तीन वर्षांची शिक्षा असेल तर ती तीन वर्षं आधी माहीत असते. शिक्षेत सूट मिळाली किंवा पॅरोल मंजूर झाला तर मागेपुढे होते, पण तो निर्णयही सरकारी यंत्रणाच घेते. तो कुठे आहे, त्याला कोणता आजार आहे, भेटायला कोण येतं, किंबहुना कुणीच येत नाही, याची खडान्‌खडा माहिती त्याच यंत्रणेकडे असते. बेघरपणाचा हा प्रकार असा आहे की ज्याचा दिवस आधी ठरतो आणि ज्यावर अधिकाऱ्याची सही असते. म्हणून त्या रात्री तो माणूस बसस्थानकावर झोपला, तर त्याला दुर्दैव म्हणता येत नाही. ते घडवलेलं असतं. (कच्च्या कैद्यांची अडचण जरा निराळी आहे, कारण कोर्ट दुपारी सोडतं आणि संध्याकाळी ते बाहेर असतात. त्यांच्यासाठी काही खाटा कायम राखून ठेवणं एवढाच उपाय आहे.)

ही गोष्ट जगाला नव्याने कळलेली नाही. जपानमध्ये शिझुओका इथे १८८८ साली किम्बारा मेइझेन या उद्योजकाने सुटलेल्या कैद्यांसाठी एक संस्था काढली. त्यामागे एका कैद्याची हकीकत सांगितली जाते. तुरुंगात तो पार बदलला होता, पुन्हा गुन्हा करणार नाही असा शब्द देऊन बाहेर पडला होता. घरी आला तर बायकोने दुसरं लग्न केलेलं. नातेवाइकांनीही दारात उभं केलं नाही. दिलेला शब्द मोडायचा नाही आणि जगायला जागा नाही, म्हणून त्याने जीव दिला. तुरुंगाने माणूस सुधारला आणि बाहेरच्या जगाने त्याला झोपायला जागा दिली नाही, ही ती गोष्ट आहे. आज जपानमध्ये अशी शंभरच्या वर निवासगृहं आहेत आणि त्यांतली बहुतेक खासगी संस्था चालवतात.

कैद्यांना कसं वागवावं याचे संयुक्त राष्ट्रांचे जे किमान नियम आहेत, ते १९५५ साली तयार झाले आणि २०१५ साली सुधारून त्यांना नेल्सन मंडेलांचं नाव दिलं गेलं. त्यातला ९० वा नियम सांगतो की कैदी सुटला म्हणून समाजाचं कर्तव्य संपत नाही. १०८ वा नियम आणखी स्पष्ट आहे: सुटणाऱ्यांना योग्य कागदपत्रं आणि ओळखपत्रं मिळावीत, जायला योग्य घर आणि काम असावं, हवामानाला साजेसे कपडे असावेत, मुक्कामाला पोहोचण्याची आणि सुरुवातीचे दिवस निभावण्याची सोय असावी. हवामानाला साजेसे कपडे! ज्यांनी हे लिहिलं त्यांनी नक्कीच कुणाला तरी भर थंडीत, अटक झाली त्या दिवशीच्या पातळ शर्टात तुरुंगाच्या फाटकाबाहेर उभं असलेलं पाहिलं असणार.

सुरुवातीच्या दिवसांवर एवढा भर का, याचं उत्तर आकड्यांत आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका त्याच राज्यातल्या इतर लोकांच्या जवळपास तेरापट होता. सर्वांत मोठं कारण अमली पदार्थांचा अतिरेकी डोस. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते, बाहेर येऊन माणूस जुन्याच मापाने घेतो आणि मरतो. दोन आठवडे म्हणजे चौदा रात्री. त्या चौदा रात्री तो कुणाच्या शेजारी झोपतो, उठल्यावर त्याला कोण भेटतं, बेशुद्ध पडला तर कुणाच्या लक्षात येतं, यावर तो जगणार की नाही हे बऱ्याच अंशी ठरतं. जुन्या मित्राच्या खोलीवर जाऊन पडणं हाच एक पर्याय असेल, तर त्या खोलीत जे चालतं तेही त्याच्या वाट्याला येणारच.

इंग्लंडमध्ये शुक्रवारी सुटणाऱ्यांचा प्रश्न वर्षानुवर्षं चघळला गेला. शुक्रवारी दुपारी बाहेर पडायचं, देखरेख अधिकाऱ्याकडे हजेरी लावायची, निवाऱ्यासाठी अर्ज करायचा, औषधाची चिठ्ठी मिळवायची, आणि हे सगळं कार्यालयं बंद व्हायच्या आत. एक ठिकाण चुकलं की थेट सोमवार. अखेर २०२३ साली कायदा झाला आणि शुक्रवारी किंवा सुटीच्या आदल्या दिवशी सुटका येत असेल तर माणसाला एक-दोन दिवस आधी सोडण्याची मुभा मिळाली. इतकी छोटी दुरुस्ती, पण ती सुचायला कुणीतरी त्या शुक्रवारच्या दुपारी त्या माणसाबरोबर चालावं लागतं.

आपणही जरा चालून पाहू. नोकरीच्या अर्जावर पत्ता लागतो. बँकेत खातं उघडायला पत्ता लागतो. दवाखान्यात नाव नोंदवायला, हरवलेलं ओळखपत्र पुन्हा काढायला, मुलांना भेटण्याचा अर्ज करायला पत्ता लागतो. पॅरोलच्या अटींत तर ठरावीक वेळी ठरावीक ठिकाणी हजर असणं आलंच. मधुमेह असेल तर इन्सुलिन थंड कुठे ठेवायचं? मुलाखतीला जायचं तर पिशवी कुठे ठेवायची? हातात पिशवी घेऊन मुलाखतीला बसलेल्या माणसाकडे समोरचा एकदा पाहतो आणि त्याला जे समजायचं ते समजतं. आणि रात्री कुठे झोपायचं हा प्रश्न दुपारी चारपासूनच डोक्यात घोळायला लागतो. ज्याच्या डोक्यात हा प्रश्न आहे, त्याला कौशल्य प्रशिक्षणाच्या वर्गात बसवून काय उपयोग? आधी काम कर, सुधारल्याचं दाखव, मग घराचं बघू, हा क्रमच उलटा आहे. अमेरिकेत २०१८ साली झालेल्या एका विश्लेषणानुसार तुरुंगात जाऊन आलेल्यांमध्ये बेघर असण्याचं प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या जवळपास दहापट आढळलं, आणि एकाहून अधिक वेळा आत गेलेल्यांत ते आणखी जास्त होतं.

यावर पहिला प्रश्न येतो: त्याचं स्वतःचं घर नाही का? आईबाप, बायको, भाऊ?

अनेकांना असतात, आणि जे प्रेमाने घेऊन जातात त्यांच्याइतकं मोठं काम कुठलीही संस्था करू शकत नाही. पण ‘घरी परतणं’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. काहींचा गुन्हा घरातच घडलेला असतो, आणि ज्याच्यावर तो घडला ती व्यक्ती तिथेच राहत असते. काही बायका वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या घरातून तुरुंगात आलेल्या असतात, आणि पॅरोलच्या अर्जावर त्यांना तोच पत्ता लिहावा लागतो, कारण दुसरा नसतो. काही आईबापांची दोन खोल्यांची जागा आधीच भरलेली असते. आणि काही ठिकाणी कायदाच नातेवाइकांना घाबरवतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ओकलंडमधल्या काही वृद्ध भाडेकरूंच्या प्रकरणात निकाल दिला. सरकारी घरात राहणाऱ्या या माणसांची नातवंडं इमारतीच्या पार्किंगमध्ये गांजा ओढताना सापडली होती, एकीची मुलगी घरापासून काही अंतरावर कोकेनसह सापडली होती. आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं, असं भाडेकरूंचं म्हणणं होतं. माहीत नसलं तरी घर खाली करायला लावता येईल, असं न्यायालयाने एकमताने ठरवलं. असा निकाल माहीत असलेली आजी तुरुंगातून सुटलेल्या नातवाला दार उघडताना दहादा विचार करणार. तिला दगडाच्या काळजाची कोण म्हणेल?

आईचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे, आणि माझ्या मते या विषयात सर्वांत कमी बोललं जातं ते इथेच. ती आत गेली तेव्हा मुलं नातेवाइकांकडे किंवा बालगृहात गेली. बाहेर आल्यावर तिने घरासाठी अर्ज केला तर तिची नोंद एकटी म्हणून होते, कारण मुलं आत्ता तिच्याजवळ नाहीत. एकटीला फार तर एक खाट किंवा एक खोली. मग ती मुलांसाठी अर्ज करते, तेव्हा अधिकारी खोली पाहायला येतात आणि सांगतात, इथे मुलं कशी राहतील? मुलं मिळेपर्यंत मोठं घर नाही आणि मोठं घर मिळेपर्यंत मुलं नाहीत. दोन्ही कार्यालयांतली माणसं आपापल्या नियमाने बरोबरच वागत असतात, आणि दोघांच्या मध्ये एक आई महिनोन्‌महिने हेलपाटे घालत राहते. महिला कैद्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी २०१० साली जे बँकॉक नियम स्वीकारले, त्यांत घरी जाण्याची रजा, खुले तुरुंग आणि मधली घरं, म्हणजे तुरुंग आणि स्वतःचं घर यांच्यामधले तात्पुरते निवास, यांचा उपयोग जास्तीत जास्त करावा असं म्हटलं आहे. पण मुलांसह राहता येईल असं मधलं घर नसेल तर आईच्या दृष्टीने तो नियम अर्धाच राहतो.

सुझन बर्टन या बाई लॉस एंजेलिसमध्ये अनेक वर्षं तुरुंगात जात-येत राहिल्या. पाच वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गाडीखाली गेल्यावर त्या व्यसनात बुडाल्या होत्या. सावरल्यावर १९९८ साली त्यांनी एका घरात दुमजली पलंग टाकले आणि तुरुंगातून येणाऱ्या बायकांना बसथांब्यावरूनच घरी न्यायला सुरुवात केली. बसथांबा एवढ्यासाठी महत्त्वाचा, की सुटून आलेल्या एकट्या बाईला गाठायला तिथे इतरही लोक टपलेले असतात. पहिल्या तासात कोण भेटतं, हे त्यांना स्वतःच्या अनुभवावरून माहीत होतं.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. ज्यांनी आयुष्यात कधी गुन्हा केला नाही अशा असंख्य गरिबांना घर नाही, मग गुन्हेगाराला आधी का? हा प्रश्न विचारणारा माणूस निष्ठुर नसतो, बऱ्याचदा तो स्वतःच भाड्याच्या खोलीत महिन्याची तोंडमिळवणी करत असतो. त्याला उत्तर दिलंच पाहिजे. एक तर मी वर म्हटलं ते: याची तारीख आणि याची जबाबदारी दोन्ही सरकारच्या हातात होत्या. दुसरं म्हणजे त्याला घर दिलं नाही म्हणून ते कुणा गरिबाला मिळत नाही. तो पुन्हा आत जातो, तिथे त्याच्यासाठी भिंती, पहारेकरी, जेवण, दवाखाना हे सगळं सरकारच पुरवतं, आणि मध्ये कुणीतरी नवा माणूस लुटला गेलेला असतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अपंगत्व किंवा मानसिक आजार असलेल्या आणि बेघर होण्याचा धोका असलेल्या कैद्यांना सुटल्यावर घर आणि सोबत आधारसेवा देऊन पाहिल्या. २०१२ साली आलेल्या मूल्यमापनात, अशी मदत न मिळालेल्या तशाच लोकांच्या तुलनेत त्यांचं पुन्हा तुरुंगात जाण्याचं प्रमाण ६१ टक्क्यांनी कमी भरलं. आणि तिसरं, दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करायची गरजच नाही. न्यूयॉर्कच्या वेस्ट हार्लेम भागात फॉर्च्यून सोसायटी या संस्थेने २००२ साली ‘कॅसल’ नावाच्या इमारतीत सुटून आलेल्यांसाठी निवास सुरू केला. सुरुवातीला शेजाऱ्यांचा विरोध होता. पुढे २०१० साली शेजारीच शंभराहून अधिक घरांची नवी इमारत उभी राहिली, आणि त्यात सुटून आलेली माणसं आणि कमी उत्पन्नाची इतर कुटुंबं एकत्र राहू लागली. तुरुंगातून आलेल्यांच्या निमित्ताने वस्तीतल्या गरिबांनाही घरं मिळाली.

शेजाऱ्यांची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नये. आपल्या गल्लीत शिक्षा झालेली वीस माणसं राहायला येणार म्हटल्यावर लेकीबाळी असलेल्या घरात धाकधूक होणारच. पण ती माणसं आपल्या गल्लीत आली नाहीत म्हणून शहरातून नाहीशी होत नाहीत. ती शहरातच असतात, फक्त कुठे ते कुणाला माहीत नसतं. फ्लोरिडातल्या मायामीमध्ये लैंगिक गुन्ह्यांतल्या दोषींनी शाळांपासून २५०० फुटांच्या आत राहायचं नाही असा स्थानिक नियम झाला. शहरात अशी जागाच जवळजवळ उरली नाही. मग खाडीवरच्या ज्युलिया टटल नावाच्या पुलाखाली तंबू आणि पत्र्याच्या खोपट्या उभ्या राहिल्या, आणि २०१० पर्यंत तिथे डझनावारी माणसं राहत होती. देखरेख अधिकारी हजेरी घ्यायला पुलाखाली येत. ज्यांच्यावर सर्वांत जास्त लक्ष ठेवायला हवं होतं त्यांना वीज, पाणी, काम आणि नातेवाईक या सगळ्यांपासून तोडून एका पुलाखाली गोळा केलं गेलं, आणि याला मुलांची सुरक्षितता म्हटलं गेलं. न्यूयॉर्क राज्यात तर शाळेपासून हजार फुटांच्या नियमात बसणारी जागा सापडली नाही म्हणून काही माणसं सुटकेची तारीख उलटून गेल्यावरही आतच राहिली. पीडितांच्या बाजूने विचार केला तरी माझं मत बदलत नाही. ज्याने आपल्यावर अत्याचार केला तो कुठे राहतो, रात्री आत असतो का, आपल्या भागात येण्याची त्याला बंदी आहे का, हे माहीत असलेलं पीडितेला हवं असतं. पत्ता असलेल्या माणसावर अशी बंदी घालता येते. पुलाखालच्या माणसावर कशी घालणार?

इथवर वाचून कुणाला वाटेल की कुठलीही इमारत घ्या, खाटा टाका, झालं. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या तुरुंग विभागाने २०१३ साली स्वतःचाच अहवाल प्रसिद्ध केला, तो प्रत्येक समर्थकाने वाचावा. मधल्या घरांत राहून गेलेल्यांपैकी ६७ टक्के लोक तीन वर्षांत पुन्हा अटकेत किंवा तुरुंगात गेले होते. थेट घरी सोडलेल्यांत हे प्रमाण ६० टक्के होतं. म्हणजे त्या घरांनी काहीच फरक पडला नव्हता, उलट निकाल थोडा वाईटच होता. याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. शेकडो खाटांच्या इमारती, दारावर झडती, खाटेमागे मिळणारे पैसे, दिवसभर रिकामी बसलेली माणसं आणि आत सहज पोहोचणारे अमली पदार्थ. त्या राज्याने चालकांचे करार बदलले आणि सुटलेले किती जण पुन्हा गुन्ह्यात अडकतात याच्याशी त्यांचे पैसे जोडले. ते बरं झालं, पण माझ्या दृष्टीने मूळ धडा आकाराचा आणि चावीचा आहे.

चावीचा म्हणजे काय, ते सांगते. अनेक वर्षं आत काढलेला माणूस बाहेर आल्यावर दारापाशी येऊन थांबतो. कडीला हात लावत नाही. कुणीतरी उघडेल याची वाट पाहतो, मग एकदम लक्षात येऊन ओशाळतो. आत असताना चाव्या नेहमी दुसऱ्याच्या कमरेला असतात, आणि त्यांच्या आवाजावरून कोण येतंय हे कळतं. दिवे दुसरं कुणी विझवतं. कधी जेवायचं, कधी आंघोळ करायची, हे ठरवायची वेळच येत नाही. अशा माणसाला बाहेर आणून पुन्हा रखवालदार असलेल्या, दिवे ठरावीक वेळी विझणाऱ्या, पाहुण्यांना मज्जाव असलेल्या इमारतीत ठेवलं, तर तो शिकणार काय? मधल्या घरात त्याला आपल्या खोलीची चावी मिळायला हवी. ती हरवण्याची, पुन्हा करून घेण्याची सवय लागायला हवी. स्वयंपाकाची पाळी, वीजबिलातला आपला वाटा, शेजाऱ्याशी झालेलं भांडण मिटवणं, हे सगळं तिथे घडायला हवं. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९७१ साली सुरू झालेल्या डिलॅन्सी स्ट्रीट या संस्थेत पगारी तज्ज्ञांचा ताफा नाही. आधी आलेले नंतर आलेल्यांना शिकवतात, संस्थेचे उद्योग रहिवासीच चालवतात, आणि निदान दोन वर्षं राहायचं अशी अट आहे. प्रत्येकाला ती कडक शिस्त मानवेल असं नाही. पण घर आपलं आहे आणि ते आपणच चालवायचं आहे, ही गोष्ट तिथे राहणाऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही.

नॉर्वेमध्ये कडक पहाऱ्याच्या तुरुंगातून कमी पहाऱ्याच्या तुरुंगात, तिथून शहरातल्या मधल्या घरात, आणि मग स्वतःच्या घरात, अशा पायऱ्या आहेत. शिक्षेचा शेवटचा काळच मधल्या घरात जातो. दिवसा कामाला किंवा शिकायला जायचं आणि रात्री परत यायचं. त्यामुळे सुटकेच्या दिवशी आयुष्य एकदम उलटंपालटं होत नाही. हे करायला शिक्षा कमी करावी लागत नाही. सहा महिने आधी माणसाबरोबर बसून कागद भरायला घ्यावे लागतात: ओळखपत्र, औषधांची यादी, आधीची थकबाकी, मुलं कुठे आहेत, कुठल्या भागात जायचं नाही.

आणि मधल्या घरातून बाहेर पडण्याची तारीखही माहीत असते, हे विसरून चालणार नाही. इंग्लंडने २०२१ पासून सुरू केलेल्या योजनेत बेघर होणार असलेल्या सुटलेल्यांना तात्पुरती जागा मिळते, जास्तीत जास्त ८४ रात्री. बारा आठवडे. यात सुरुवातीच्या त्या जीवघेण्या चौदा रात्री निघून जातात, म्हणून ही योजना मी मोलाची मानते. पण बारा आठवड्यांत लागलेल्या नोकरीचे फार तर दोन पगार हातात पडलेले असतात. अनामत भरण्याइतके पैसे साठलेले नसतात. घरमालकाला दाखवायला आधीच्या भाड्याची एकही पावती नसते. ८५ व्या रात्री तो माणूस कुठे असेल, हे ज्या दिवशी त्याला आत घेतलं त्याच दिवशी लिहून ठेवायला हवं. आणि जिथे शक्य आहे तिथे त्याला हलवूच नये. त्याच खोलीचा भाडेकरार त्याच्या नावावर करावा, आणि पुढे येणाऱ्यासाठी संस्थेने दुसरी खोली घ्यावी. पहिल्या महिन्याची भाडेपावती हातात आली की दुसऱ्या कुठल्याही दारात तो ती दाखवू शकतो. ती त्याच्या नावाची असते, आणि तिच्यावर त्याचा पत्ता असतो.